मुख्यमंत्रिपदाची इच्छा लवकर जागलेल्या माणसाचे गोव्यात काय होते?

पेडणेवासी :

एखाद्या तरुण आमदाराने "मला पुढे मुख्यमंत्री व्हायचे आहे" असे उघड सांगितले, तर आपल्याकडे त्याच्याविषयी लगेच शंका घेतली जाते. "पक्ष देईल ती जबाबदारी" असे म्हणणाऱ्याला मात्र आपण सज्जन ठरवतो. मला हा रिवाज घातक वाटतो. जो इच्छा लपवतो त्याला तिच्यासाठी चाललेली तयारीही लपवावी लागते आणि मग ती तयारी पारखण्याची संधी मतदाराला कधीच मिळत नाही. पदाची इच्छा कोणत्या वयात जागली हा माझ्या दृष्टीने गौण प्रश्न आहे. इच्छा जागल्यापासूनच्या वर्षांत त्या माणसाने काय उभे केले, हे पाहायला हवे. ही कसोटी गोव्याच्या इतिहासाला लावली की १९९० या वर्षापाशी थांबावे लागते, म्हणून हा धागा काढत आहे.

रमाकांत खलप १९७७ साली मांद्रे मतदारसंघातून पहिल्यांदा विधानसभेत गेले. त्यानंतर दोनच वर्षांत, एप्रिल १९७९ मध्ये, मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर यांचे सरकार पक्षातील फुटीमुळे कोसळले. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत तीस जागांच्या सभागृहात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगोच्या) हाती अवघ्या सात जागा लागल्या. पुढे ताईंसह बहुतेक आमदार काँग्रेसमध्ये गेले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी उभा केलेला, सलग सोळा वर्षांच्या निवडणुका जिंकलेला पक्ष संपला, असेच तेव्हा अनेकांनी गृहीत धरले होते. खलप गेले नाहीत. काँग्रेसकडे सत्ता होती आणि जाणाऱ्यांची वाट मोकळी होती, तरीही ते पक्षाच्या निशाणीबरोबर, 'सिंहा'बरोबर, राहिले आणि गावोगावी जाऊन पक्ष पुन्हा बांधत राहिले. १९८४ मध्ये मगोचे आठ आमदार निवडून आले. त्यानंतर भाषेचे आंदोलन पेटले, ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा झाला, ३० मे १९८७ रोजी घटकराज्य आले आणि सभागृह चाळीस जागांचे झाले. १९८९ च्या निवडणुकीत मगोने अठरा जागा जिंकल्या. काँग्रेसला वीस मिळाल्या आणि दोन अपक्ष आले.

सातावरून अठरावर पक्ष नेणाऱ्या माणसाला मुख्यमंत्रिपदाची इच्छा नव्हती असे कोण म्हणेल, आणि ती असण्यात गैर काय होते? ती त्याने कमावलेली इच्छा होती.

यापुढे जे घडले त्यातला हिशेब नीट पाहावा. जानेवारी १९९० मध्ये प्रतापसिंह राणे पुन्हा मुख्यमंत्री झाले. मार्चमध्ये सभापती लुईस प्रोतो बार्बोझा यांच्यासह काँग्रेसचे सात आमदार बाहेर पडले. पक्षांतरबंदी कायद्यात तेव्हा एक तृतीयांश फुटीला मुभा होती आणि विसाच्या एक तृतीयांशासाठी सात जण लागत होते. हे सात आणि मगोचे अठरा मिळून पुरोगामी लोकशाही आघाडीचे सरकार बनले. पंचवीस जणांच्या त्या आघाडीत मुख्यमंत्रिपद अठरांच्या पक्षाला मिळाले नाही, ते सातांच्या गटाकडे गेले. आधी चर्चिल आलेमाव अठरा दिवस मुख्यमंत्री झाले, मग १४ एप्रिलपासून बार्बोझा. खलप उपमुख्यमंत्री झाले. डिसेंबरमध्ये मगोने पाठिंबा काढून घेतला तेव्हा आता खलपांची पाळी, असे पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळे धरून चालले होते. राज्यपालांनी मात्र राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली आणि २५ जानेवारी १९९१ रोजी मगोतूनच फुटलेले रवी नाईक काँग्रेसच्या साहाय्याने मुख्यमंत्री झाले.

दहा वर्षे पक्ष उभारणारा माणूस दारात उभा राहिला आणि पद त्याच्याच पक्षातून फुटणाऱ्याला मिळाले. माझे दुःख खलपांपुरते नाही. त्या महिन्यांत जे तरुण राजकारणात येऊ पाहत होते, त्यांनी यातून काय धडा घेतला असेल? पक्ष बांधण्यात दहा वर्षे जातात, सात माणसे जमवायला आठवडा पुरतो. १९९० ते २००२ या काळात आपण मुख्यमंत्र्यांचे डझनाहून अधिक शपथविधी पाहिले, त्याची मुळे मला या धड्यात दिसतात. आपणा सर्वांची मते जाणून घ्यायची आहेत, विशेषतः ज्यांनी तो काळ जवळून पाहिला आहे त्यांची.


अंत्रूज :

लेख तळमळीने लिहिला आहे, परंतु रवी नाईक यांच्याविषयी त्यात जो सूर आहे तो मला मान्य नाही. आम्ही फोंड्यातले लोक त्यांना पात्रांव म्हणत आलो. नगरपालिकेपासून वर चढलेला, भंडारी समाजातून आलेला हा माणूस गोव्याचा मुख्यमंत्री होतो, ही त्या समाजासाठी केवढी गोष्ट होती हे आकड्यांच्या हिशेबातून कळत नाही. भाऊसाहेब बहुजनांचे नेते होते, मगो बहुजनांचा पक्ष होता, हे सगळे खरे असले तरी पक्षातली रांग कोणाच्या मागे कोणी उभे राहायचे हे ठरवते, आणि ती रांग नेहमी न्याय्य असते असे नाही. ज्याची इच्छा लवकर जागली आहे आणि ज्याला आपली पाळी या रांगेत कधीच येणार नाही हे दिसते आहे, त्याने काय करावे, याचे उत्तर आपल्या कसोटीत नाही.

दुसरे असे की खलपांबरोबर मगोचे अठरा जण उभे होते, असे आपण धरून चालला आहात. ते सगळे खरोखर उभे असते तर फूट पडलीच नसती. पक्ष बांधणे आणि आमदार बांधून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मुख्यमंत्र्याला दुसरे कामही यावे लागते.


कायद्याचा विद्यार्थी :

या प्रकरणाची कायदेशीर बाजू थोडक्यात मांडतो, कारण आज देशभर जे पक्षांतराचे खटले चालतात त्यांत गोव्याच्या या महिन्यांचा हवाला अजून दिला जातो.

डिसेंबर १९९० मध्ये मगोचे दोन आमदार, बांदेकर आणि चोपडेकर, काँग्रेसच्या नेत्यांबरोबर राजभवनावर गेले आणि आपला मगोला पाठिंबा नाही असे त्यांनी राज्यपालांना सांगितले. सभापती सुरेंद्र सिरसाट यांनी त्यांना अपात्र ठरवले. रवी नाईक मुख्यमंत्री झाल्यानंतर फेब्रुवारी १९९१ मध्ये सिरसाट यांनी त्यांनाही अपात्र ठरवले. उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मार्चमध्ये सिरसाट सभापतिपदावरून दूर झाले आणि त्यांच्या जागी काम पाहणाऱ्यांनी तो अपात्रतेचा आदेशच फिरवला. सभापतीला स्वतःचा आदेश असा फिरवता येतो का, यावर खटला चालला. मे १९९३ मध्ये उच्च न्यायालयाने तो अधिकार नाही असा निकाल दिल्यावर रवी नाईक यांना पद सोडावे लागले. फेब्रुवारी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अपात्रता रद्द केली. बांदेकर आणि चोपडेकर यांची अपात्रता मात्र कायम राहिली. सदस्याने राजीनामा दिला नसला तरी त्याच्या वागणुकीवरून त्याने पक्ष सोडला असे मानता येते, हे तत्त्व त्या निकालातून प्रस्थापित झाले.

निकालानंतर जे घडले ते विसरता येण्यासारखे नाही. राज्यपाल भानुप्रकाश सिंह यांनी २ एप्रिल १९९४ रोजी विल्फ्रेड डिसोझा यांचे सरकार बडतर्फ करून रवी नाईक यांना शपथ दिली. केंद्राने राज्यपालांनाच हटवले आणि सहा दिवसांनी डिसोझा परत आले.

अंत्रूज यांना एवढेच सांगेन की रांग अन्याय्य असू शकते हे मान्य. पण १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाची वाट ठेवली नसती, तर रांगेतला अन्याय पक्षाच्या बैठकीत मांडावा लागला असता. ती वाट २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने बंद झाली, पण दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची उघडी राहिली. २०१९ मध्ये काँग्रेसचे पंधरापैकी दहा आणि २०२२ मध्ये अकरापैकी आठ आमदार त्याच वाटेने गेले.


मडगावची वाचक :

विषय लवकर जागलेल्या इच्छेचा आहे, तर डॉ. विली यांच्याशिवाय तो पुरा होणार नाही. खलपांना पद मिळाले नाही. डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांना ते तीनदा मिळाले, आणि तरीही मला त्यांची कहाणी अधिक उदास वाटते.

ते नाणावलेले शल्यचिकित्सक होते. राजकारणात आले नसते तरी त्यांना गोव्यात मान कमी पडला नसता. १९८० मध्ये अर्स काँग्रेसने (देवराज अर्स यांच्या गटाच्या काँग्रेसने) तीसपैकी वीस जागा जिंकून मगोची सत्ता संपवली तेव्हा त्या पक्षाचे गोव्यातले नेतृत्व त्यांच्याकडे होते. विजय त्यांच्या अध्यक्षतेखाली मिळाला, पण खुर्चीवर तडजोड होऊन प्रतापसिंह राणे बसले, जे १९७२ मध्ये मगोच्याच तिकिटावर सत्तरीतून निवडून आले होते आणि भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळात होते. खाशे, म्हणजे राणे, पुढे दशकभर राहिले. डॉ. विली पक्षातून बाहेर पडले, त्यांनी गोवा काँग्रेस काढली, आणि १९८४ मध्ये त्या पक्षाची एकच जागा आली. ती नावेलीतून लुईझिन फालेरो यांनी जिंकली, जे स्वतः चौदा वर्षांनी मुख्यमंत्री झाले. डॉ. विली काँग्रेसमध्ये परतले. १९८० ला जे हातातून निसटले ते त्यांना मे १९९३ मध्ये मिळाले, आणि तेही न्यायालयाच्या निकालामुळे जागा रिकामी झाली म्हणून. त्यानंतर राणे यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री, मग जुलै १९९८ मध्ये काँग्रेस फोडून चार महिन्यांपेक्षाही कमी काळाचे मुख्यमंत्रिपद.

पेडणेवासी, आपली कसोटी इथे लावून पाहा. १९८० पर्यंत या माणसाने नक्कीच काही उभे केले होते. पद हुकले आणि त्यानंतरची सगळी बुद्धी, सगळी ऊर्जा त्या एका हुकलेल्या गोष्टीची भरपाई करण्यात गेली. १९९८ मध्ये जे पद मिळाले त्यातून गोव्याच्या सामान्य माणसाला काय मिळाले, हे मी त्यांच्या चाहत्यांनाही विचारले आहे आणि समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. मला वाटते की इच्छा लवकर जागणे हा धोका नाही. ती अगदी जवळ येऊन हुकणे हा धोका आहे, कारण त्यानंतर माणसाला पद हे काही करण्याचे साधन राहत नाही, ते एक हिशेब चुकता करणे होऊन बसते.


शापोराकाठ :

मनोहर पर्रीकर यांचे उदाहरण कोणीच कसे दिले नाही? पेडणेवासी म्हणतात की १९९० चा धडा तरुणांनी चुकीचा घेतला. पण म्हापशाचा एक तरुण त्याच काळात राजकारणात आला आणि त्याने नेमके उलटे केले. १९९१ मध्ये ते उत्तर गोव्यातून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. १९९४ मध्ये पणजीतून निवडून आले तेव्हा भाजपचे सगळे मिळून चार आमदार होते, तेही मगोशी युती करून. १९९९ मध्ये दहा, २००२ मध्ये सतरा, मधे २००७ ला चौदा, आणि २०१२ मध्ये एकवीस, म्हणजे स्वतःच्या बळावर बहुमत. सातावरून अठरा हा खलपांचा प्रवास आपण गौरवता, मग चारावरून एकवीस हा प्रवास त्याहून मोठा आहे, आणि त्यात पदही मिळाले. उभारणाऱ्याला मिळत नाही हा आपला निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही.

आणखी एक बाब. विरोधी पक्षात असताना अर्थसंकल्पावर आकड्यांनिशी बोलणारा आमदार अशी त्यांची ओळख आधी झाली, मुख्यमंत्रिपद नंतर आले. इच्छा होतीच, ती लपलेलीही नव्हती, पण तिच्याआधी अभ्यास दिसत होता.


डिचोलीकर :

या चर्चेत आतापर्यंत सगळ्या पुरुषांच्या इच्छांचा हिशेब झाला आहे. शशिकलाताईंचा उल्लेख फक्त "सरकार कोसळले" एवढ्यापुरता आला, हे मला खटकले.

ताई १९६७ मध्ये आमदार झाल्या, १९७२ मध्ये राज्यमंत्री झाल्या आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी वडील भाऊसाहेब गेल्यावर अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक सगळे "वडिलांचा वारसा" या दोन शब्दांत त्यांची सहा वर्षांची विधिमंडळातील कारकीर्द गुंडाळतात. त्यांना स्वतःला काही व्हायचे होते का, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. पुरुषाची इच्छा ही लालसा तरी ठरते, स्त्रीची इच्छा ही इच्छाच मानली जात नाही. वारसा मिळाला हे खरे आहे, मात्र १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली जिंकली, आणि ती भाऊसाहेबांच्या नावाने आपोआप जिंकली गेली असे म्हणणाऱ्यांनी १९८० चा निकाल पाहावा. नाव तेच होते.

मडगावची वाचक यांच्या मुद्द्यालाही ताई हे उत्तर आहेत. पद गेल्यानंतर त्या काँग्रेसमध्ये गेल्या, बाहेर पडल्या, भाऊसाहेबांच्या नावाने पक्ष काढला, तो चालला नाही, मगोत परतल्या. या दहा वर्षांचे मी समर्थन करत नाही. परंतु १९९० च्या त्याच सरकारात, ज्याविषयी आपण केवळ खुर्चीच्या अंगाने बोलत आहोत, त्या शिक्षणमंत्री होत्या, आणि प्राथमिक शिक्षणाचे सरकारी अनुदान मराठी-कोकणीसारख्या भारतीय भाषांतून शिकवणाऱ्या शाळांनाच मिळेल, असा निर्णय त्यांनी घेतला. त्या निर्णयाने गोव्यातल्या प्राथमिक शाळांचे चित्र वीस वर्षे ठरवले. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमाला अनुदान द्यायचे ठरवले तेव्हा वयाच्या पंचाहत्तरीनंतर भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आंदोलनात त्या पुढे उभ्या राहिल्या. १९९० च्या त्या सरकारातील दोन मुख्यमंत्र्यांनी केलेले एखादे काम आज कोणाला सांगता येईल का? शिक्षणमंत्र्यांचे मात्र येते.


अंत्रूज :

डिचोलीकर यांचा हा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मला मनापासून वाटते.

शापोराकाठ यांना एक आठवण करून द्यायची आहे. पर्रीकर ऑक्टोबर २००० मध्ये पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांच्याकडे दहाच निवडून आलेले आमदार होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये काँग्रेस फोडून मुख्यमंत्री झालेल्या फ्रान्सिस्क सार्दिन यांच्या सरकारात भाजप सामील झाला, वर्षभरात पाठिंबा काढला आणि इतरांना जोडून आपले सरकार आणले. म्हणजे चारावरून दहापर्यंत उभारणी आणि दहावरून एकवीसपर्यंतची (चाळीसातल्या बहुमतापर्यंतची) पहिली उडी आमदारांच्या जमवाजमवीतून. २००५ मध्ये त्यांचे सरकार गेले तेही तसेच, दिगंबर कामत यांच्यासारखे जुने सहकारी सोडून गेल्यामुळे, आणि तेच कामत २००७ मध्ये राणे आणि रवी नाईक यांच्या ओढाताणीतून काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. पात्रांवांना एक माप आणि भाईंना, म्हणजे पर्रीकरांना, दुसरे, असे होऊ नये.


जुने गोंयकार :

मला एक वेगळी शंका आहे. पेडणेवासी म्हणतात की इच्छा उघड सांगावी म्हणजे मतदाराला ती पारखता येईल. गोव्याच्या मतदाराला हे हवे आहे, याचा पुरावा कुठे आहे? आम आदमी पक्षाने २०१७ मध्ये एल्विस गोम्स यांचे आणि २०२२ मध्ये अमित पालेकर यांचे नाव मुख्यमंत्रिपदासाठी आधीच जाहीर केले. दोघेही आपापल्या मतदारसंघात हरले. मगोने २०१७ मध्ये सुदिन ढवळीकर यांचे नाव पुढे केले, पक्षाच्या तीन जागा आल्या. आणि अगदी पहिल्या निवडणुकीत, डिसेंबर १९६३ मध्ये, भाऊसाहेब स्वतः उमेदवारही नव्हते. मुख्यमंत्री झाल्यावर ते मडकईतून निवडून आले. आपल्या मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आसपास मतदार असतात. त्यांतला प्रत्येक जण आमदाराला नावाने ओळखतो, त्याच्याकडे नळाचे, वीजजोडणीचे, नोकरीचे काम घेऊन जातो. मुख्यमंत्री कोण होणार हा विचार करून मत देण्याची ना त्याला सवय आहे ना गरज. म्हणून चाळीसातल्या प्रत्येकाला वाटते की आपणही होऊ शकतो.


पेडणेवासी :

प्रतिसादांबद्दल सर्वांचा आभारी आहे. काही मुद्द्यांना उत्तर देतो.

अंत्रूज यांचा रांगेचा मुद्दा वजनदार आहे. माझ्या कसोटीत एक भर घालावी लागेल असे मी म्हणतो : ज्याला पक्षात पाळी मिळत नाही त्याने बाहेर पडण्यात पाप नाही, पण बाहेर पडून त्याने मतदारापुढे जावे. १९९१ च्या जानेवारीत गोव्यात निवडणूक झाली असती आणि रवी नाईक ती जिंकून आले असते, तर माझी तक्रार उरली नसती. पर्रीकरांना हेच माप लावतो. ऑक्टोबर २००० चे सरकार मला रवी नाईक यांच्या सरकाराहून वेगळे वाटत नाही. २०१२ चे वाटते, कारण त्या वेळी मुख्यमंत्री कोण होणार हे प्रत्येक मतदाराला माहीत होते आणि ते जाणून त्याने मत दिले.

हेच जुने गोंयकार यांनाही उत्तर आहे. जाहीर केलेली नावे हरली, हे खरे. परंतु त्या नावांमागे वर्षानुवर्षांची बांधणी नव्हती. निवडणुकीच्या तोंडावर नाव पुढे करणे ही माझ्या अर्थाने लवकर जागलेली इच्छा नव्हे. उलट २०१७ मध्ये काय झाले ते पाहा. काँग्रेसचे सतरा आमदार आले, भाजपचे तेरा, आणि खुद्द मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्रेत पडले होते. काँग्रेसमध्ये माजी मुख्यमंत्रीच चार होते. नेता कोण यावर एकमत होईपर्यंत पर्रीकर दिल्लीहून आले आणि त्यांनी सरकार बनवले. चारही जणांची इच्छा वर्षानुवर्षांची होती, पण निवडणुकीआधी ती पक्षात उघडपणे मांडून निकाली काढण्याची पद्धत नव्हती. लपवलेल्या इच्छेची किंमत मतदारांनी मोजली, ज्यांनी सतरा आमदार दिले आणि ज्यांना विरोधी पक्ष मिळाला.

मडगावची वाचक यांनी डॉ. विलींविषयी जे लिहिले त्यावर मी बराच विचार केला. जवळ येऊन हुकणे माणसाला बदलते, हे खलपांनाही लागू पडते का? मला वाटते पडते, पण वेगळ्या तऱ्हेने. मगोचा जोर १९९० नंतर ओसरत गेला : १९९४ मध्ये बारा, १९९९ मध्ये चार, त्यानंतर दोन-तीन. खलपही पुढे त्या पक्षात राहिले नाहीत आणि २०२४ मध्ये लोकसभेला काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले. ज्या पक्षाने मराठीचा, कूळ-मुंडकारांचा (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचा आणि दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा), बहुजनांच्या शाळांचा आवाज सभागृहात पोहोचवला, तो पक्ष पुन्हा अठरा जागांवर पोहोचल्याच्या दुसऱ्याच वर्षी फुटला आणि सावरला नाही. त्याचे मतदार कुठे गेले, ते उत्तर गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको.


कायद्याचा विद्यार्थी :

खलपांविषयी एक गोष्ट राहून गेली आहे, आणि डिचोलीकर यांच्या प्रतिसादाशी ती जोडलेली आहे.

१९९६ मध्ये ते उत्तर गोव्यातून लोकसभेवर गेले आणि केंद्रात कायदा राज्यमंत्री झाले. १२ सप्टेंबर १९९६ रोजी लोकसभेत पहिले महिला आरक्षण विधेयक, एक्क्याऐंशीवी घटनादुरुस्ती म्हणून, मांडणारे मंत्री रमाकांत खलप होते. ते विधेयक त्या लोकसभेबरोबर बारगळले. पुढच्या सरकारांनी ते पुन्हा पुन्हा आणले, आणि २०२३ च्या सप्टेंबरात ते अखेर एकशे सहाव्या घटनादुरुस्तीच्या रूपाने मंजूर झाले. १९९१ मध्ये खलप गोव्याचे मुख्यमंत्री झाले असते तर त्या दिवशी ते विधेयक दुसऱ्या कोणी मांडले असते इतकेच. तरीही पणजीची खुर्ची न मिळालेल्या माणसाचे नाव संसदेच्या नोंदीत कशासाठी राहिले, हे आपल्या चर्चेत असावे असे वाटले.


डिचोलीकर :

हे इथे मांडल्याबद्दल धन्यवाद. मग त्याच धाग्याने पुढे जाऊ. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ती दुरुस्ती लागू होईल, तेव्हा चाळीसपैकी तेरा-चौदा जागा स्त्रियांसाठी राखीव होतील. २०२२ च्या निवडणुकीत गोव्यात तीन स्त्रिया निवडून आल्या आणि तिघींचेही पती राजकारणातले होते. ताईंनंतर गोव्याला स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही.

पेडणेवासी यांची कसोटी उभारणीच्या वर्षांची आहे. तेरा-चौदा जणींना ती वर्षे मिळायची असतील तर ती आतापासून मोजावी लागतील. पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागांवर स्त्रिया आधीच आहेत. आमच्या डिचोली तालुक्यात सरपंच म्हणून उत्तम काम केलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, ज्यांचा प्रभाग पुढच्या वेळी खुला झाला आणि पक्षाने त्यांना पुन्हा विचारले नाही. त्यांच्यातल्या एकीने उद्या "मला मुख्यमंत्री व्हायचे आहे" असे गावच्या सभेत सांगितले, तर तिच्या मागे उभा राहणारा एक तरी पक्ष आज गोव्यात आहे का, हे या धाग्यावर ज्यांचा पक्षांशी जवळून संबंध आहे त्यांनी सांगावे. मला उत्तर हवे आहे आणि मी इथे येऊन ते वाचणार आहे.